बाभूळ, हिवर, खैर: बियांपासून झाड वाढवणारं कुणी आहे का इथे?

हिवरसावली | ९ जून, रात्री १०:२०

माझा भाचा मेलबर्नला असतो. मागच्या गणपतीत व्हिडिओ कॉलवर त्याने परसातली ओळीने मांडलेली रोपं दाखवली. म्हणाला, "मावशी, ही वॅटल. इथली देशी झाडं. बी आणून रुजवतो, चार वर्षं झाली." मग कुंपणापाशी फुललेलं एक झाड दाखवलं. पिवळे, मऊ, गोल गेंद. मी म्हटलं, अरे, ही तर बाभूळ! त्यावर तो म्हणाला, "बाभूळ नाही, पण तिची चुलत बहीण म्हण."

त्या दिवशी पहिल्यांदा मी घरच्यांसमोर मोकळेपणाने सांगितलं की मीही २०१९ पासून हेच करते आहे. तोवर सांगायची सोय नव्हती, कारण ज्याला सांगावं तो म्हणणार, "बाभूळ कोण लावतं? ती आपोआप येते." आता ती तितकी आपोआप येत नाही. आमच्या लहानपणी अक्कलकोट रोडला प्रत्येक बांधावर दोन-चार बाभळी होत्या. आता बांधच ट्रॅक्टरने नांगरून अरुंद झालेत, आणि जिथे मोकळी जागा उरली तिथे परदेशातून आलेली वेडी बाभूळ घुसली आहे.

सासऱ्यांची सव्वा एकर मुरमाड जमीन आहे, एका अंगाला ओढा. पीक धड येत नाही म्हणून पडीक होती. तिथे मी बाभूळ, हिवर आणि थोडे खैर लावते. सगळी रोपं जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर बियांपासून तयार केलेली. पाच वर्षांत मिळून जगलेली झाडं बेचाळीस. आकडा लहान आहे, पण त्यातल्या प्रत्येक झाडाचं बी कुठल्या झाडाखालचं हे मला माहीत आहे आणि वहीत लिहिलेलं आहे.

सुरुवातीला माझं सगळ्यात जास्त चुकलं ते पिशव्यांत. नर्सरीतल्या नेहमीच्या छोट्या काळ्या पिशव्या आणल्या. रोपं वीतभर झाली, हिरवीगार, मला वाटलं झालं काम. पावसाळ्यात लावली आणि पुढच्या उन्हाळ्यात सोळापैकी तेरा वाळली. एक उपटून पाहिलं तर मूळ पिशवीच्या तळाशी गोल गोल गुंडाळलेलं, दोरीच्या वेटोळ्यासारखं, आणि जमिनीत लावल्यावरही तसंच. खाली उतरलंच नव्हतं. मग दुसऱ्या वर्षी मुद्दाम एक पिशवी चाळिसाव्या दिवशी फाडून बघितली. वर रोप जेमतेम वीतभर आणि मूळ तळाला पोचून वळायला लागलेलं! बाभूळ आधी खाली वाढते. वरचं झाड आपल्याला दिसतं म्हणून आपण त्याच्यावरून हिशोब करतो, तो चुकतो.

तेव्हापासून पिशव्या बंद. चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन फुटी तुकडे करून घेते, उभे चिरते, दोन्ही फाका एकत्र ठेवून तारेने बांधते आणि खाली जाळी लावते. लावताना तार सोडली की मूळ न दुखावता गड्डा बाहेर येतो. मूळ जाळीपाशी उजेड-हवेला पोचलं की टोक वाळतं आणि बाजूला बारीक मुळं फुटतात, वेटोळं होत नाही.

इथे कुणी हे करतं का? हिवराबद्दल मला खूप विचारायचं आहे. माझा २०२० चा हिवर अजून कमरेएवढाच आहे.

सुगरण | ९ जून, रात्री ११:०५

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी दोन वर्षं प्रयत्न करतोय आणि बीच रुजत नाही. कुणीतरी सांगितलं उकळून घ्या, म्हणून गॅसवर पाच मिनिटं उकळलं. एकही आलं नाही. नेमकं काय करायचं ते सविस्तर सांगाल का?

हिवरसावली | १० जून, सकाळी ६:५०

बी उकळायचं नाही, शिजतं ते. पाणी उकळायचं, गॅसवरून उतरवायचं, मिनिटभर थांबायचं आणि मग बियांवर ओतायचं. पाणी भरपूर हवं, बियांच्या पाच-सहा पट. तसंच झाकून निवू द्यायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं. ज्या बिया फुगून दुप्पट झाल्या त्या पेरायच्या. ज्या तशाच टणक राहिल्या त्यांना पुन्हा एकदा गरम पाणी. तरंगणाऱ्या आधीच काढून टाका, त्या बहुतेक पोकळ असतात.

बी थोडंच असेल तर मला नेलकटर जास्त आवडतो. बी जिथून शेंगेला चिकटलेलं असतं ती टोकाची बाजू सोडून विरुद्ध बाजूला कवचाचा बारीक टवका काढायचा, आतलं पांढरट दिसेल इतकाच. पॉलिश पेपरवर घासलं तरी चालतं. मग साध्या पाण्यात रात्रभर. असं केलेलं बी माझ्याकडे आठवड्याभरात वर येतं.

आणि बी घेतानाच बघून घ्या. बीवर सुईने टोचल्यासारखं गोल भोक असेल तर भुंगा आतला गर खाऊन गेलेला आहे. खाली पडून राहिलेल्या शेंगांत हे फार. म्हणून मी एप्रिल-मेमध्ये शेंगा झाडावर करड्या होऊन वाळल्या की काठीने पाडून घेते.

खैराला यातलं काही करू नका! त्याचं कवच पातळ असतं. नुसत्या गार पाण्यात एक दिवस भिजवलं की पुरे. गरम पाण्याने खैराचं बी मरतं, हे मी चाळीस बिया घालवून शिकले. शिवाय खैराचं बी वर्षभर टिकत नाही, त्याच हंगामात पेरा. बाभळीचं मात्र डब्यात कोरडं ठेवलं तर कित्येक वर्षं चालतं.

बोरामणीचा_पोरगा | १० जून, दुपारी १:३०

नमस्कार काकू. तुमी एवढं गरम पाणी, नेलकटर करालालाव, पण आमच्याकडं हे काम शेळी करती की.

माझे आजोबा शेळ्या राखायचे. उन्हाळ्यात आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडायचे, शेळ्या शेंगा खायच्या आणि रात्री वाड्यात बसून रवंथ करताना बी थुंकून टाकायच्या. काही बी लेंडीतनं पडतं. सकाळी वाडा झाडताना कोपऱ्यात काळ्या बियांचा थर. आजोबा ते गोळा करून चाळायचे आणि पाऊस पडला की बांधाच्या कडेला टाकायचे. पाणी तापवायचं नाही, काय नाही. शेळीच्या पोटात त्या बीचं कवच मऊ पडतं. आमच्या बांधावरच्या मोठ्या बाभळी सगळ्या अशाच आलेल्या आहेत.

दुसरी एक गोष्ट. शेळीच बी देती आणि शेळीच रोप खाती. आजोबा बी टाकलं की त्याच्यावर बोरी-बाभळीची फेसाटी, म्हंजे तोडलेल्या काटेरी फांद्या टाकायचे. फेसाटीच्या आतनं रोप वर येतं, वर येईपर्यंत त्याला स्वतःचे काटे आलेले असतात. लहानपणी बाभळीला काटे लई लांब असतात बघा, पांढरे, जोडीजोडीनं. झाड मोठं झालं की वरच्या फांद्यांना कमी होतात. शेळीचं तोंड पोचत नाही तिथं काट्याचं काम काय?

हिवरसावली | १० जून, दुपारी २:१५

हे वाचून अंगावर शहारा आला. वाड्यातलं बी मिळेल का मला? मी येऊन घेऊन जाईन. गरम पाण्याचं आणि वाड्यातलं एकाच दिवशी पेरून बघायचं आहे.

बोरामणीचा_पोरगा | १० जून, दुपारी २:४०

मिळंल की. चुलत्याकडं अजून तीस-पस्तीस शेळ्या हायत. कवापण या.

वनस्पतीवही | १० जून, रात्री ९:३०

वॅटलचा विषय निघाला आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मला या कुळाची गोष्ट फार प्रिय आहे.

ऑस्ट्रेलियात अकेशिया वंशाच्या सुमारे हजार जाती आहेत. त्यातली सोनेरी वॅटल, अकेशिया पिक्नान्था, १९८८ पासून त्या देशाचं अधिकृत राष्ट्रीय फूल आहे आणि १ सप्टेंबरला तिथे वॅटल दिवस असतो. ताईंच्या भाच्याने गणपतीच्या सुमारास फुललेलं झाड दाखवलं ते त्यामुळेच, तिथला वसंत तेव्हा सुरू होतो. नावाचं मूळही आपल्याला जवळचं आहे. तिकडे गेलेल्या सुरुवातीच्या वसाहतवाल्यांनी या झाडांच्या लवचिक फांद्या विणून त्यावर माती लिंपून भिंती केल्या. अशा विणलेल्या भिंतीला त्यांच्या भाषेत वॅटल म्हणतात. म्हणजे आपण म्हणू, कुडाचं झाड.

आता खरी गंमत. अकेशिया हे नाव मुळात ग्रीक, आणि ते नाइलकाठच्या काटेरी झाडाचं, म्हणजे आपल्याच बाभळीचं! तिच्या जातीचं नाव निलोटिका आहे ते नाइलवरून. पुढे लक्षात आलं की जगभरच्या 'अकेशिया' हा एकच वंश नाही, तो फोडायला हवा. मग मूळ नाव कुणी ठेवायचं यावर मोठा वाद झाला. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नाव ऑस्ट्रेलियन गटाकडे ठेवायचं ठरलं आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. तेव्हापासून आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका, हिवर व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. मला अजूनही याचं वाईट वाटतं. ज्या झाडावरून नाव पडलं त्याच्याकडेच ते राहिलं नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. बाभूळ आणि हिवर यांचे काटे सरळ, पानाच्या बुडाशी दोन. खैराचे आखूड आणि आकड्यासारखे वाकडे. फुलं बघाल तर बाभळीचे पिवळे गेंद, हिवराचे फिकट पिवळसर बारीक गेंद फांदीच्या टोकाला मोठ्या झुपक्यात, आणि खैराचा तुरा लांबट. ऑस्ट्रेलियन वॅटलला बहुतेक काटेच नसतात.

रोप करणाऱ्यांसाठी एक बघण्यासारखी गोष्ट. रस्त्याकडेला सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आठवा, लांब कोयत्यासारखी पानं असलेली. ती पानं नव्हेत, ते चपटे झालेले देठ आहेत. पण तिचं बी रुजवलंत तर पहिली काही पानं बाभळीसारखी पिसांची येतात, मग देठ रुंदावत जातो आणि पिसं गळतात. आठ-दहा आठवड्यांच्या रोपावर एकाच फांदीवर दोन्ही प्रकार दिसतात. आपल्या बाभळीत पहिलं पान साधं, एकेरी पिसासारखं असतं आणि त्यापुढची दुहेरी. पेरलं असेल तर नक्की बघा.

गरम पाण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे, पण तिचं कारण वेगळं. तिकडे वॅटलच्या बीला एक तेलकट तुकडा चिकटलेला असतो, तो खायला मुंग्या बी बिळात ओढून नेतात. बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि वणवा गेला की मातीच्या उष्णतेने कवच सैल होतं. आपल्याकडे ते काम गुरांनी आणि शेळ्यांनी केलं. बोरामणीच्या आजोबांना हे पक्कं माहीत होतं.

एक विनंती मात्र करतो. भाच्याकडून वॅटलचं बी मागवू नका, बॅगेतून आणायलाही सांगू नका. परदेशातून बी आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी निलगिरीच्या डोंगरातल्या गवताळ कुरणांवर काळ्या वॅटलने काय केलं ते पाहिलं की ही हौस नकोशी होते.

हिवरसावली | १० जून, रात्री १०:१०

नाही मागवणार. त्याची तिथे, माझी इथे. दर महिन्याला आम्ही एकमेकांना रोपांचे फोटो पाठवतो, तेवढं छान चाललं आहे. कुडाचं झाड हे नाव त्याला आत्ताच कळवलं.

गवताळ | ११ जून, सकाळी ८:००

सगळ्यांचा उत्साह बघून आनंद झाला, पण मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सोलापुरात झाड लावायची मोहीम निघाली की लोक सरळ माळावर जातात, कारण तिथे 'काहीच नाही' असं त्यांना वाटतं. आपल्या माळावर काही नसतं हे खरं नाही. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते या उघड्या गवतासाठीच. माळढोक जमिनीवर एकच अंडं घालतो आणि त्याला चहूकडे दूरवर दिसायला हवं असतं. धाविक, चंडोल, काळवीट, लांडगा, खोकड, सगळ्यांचं जगणं या मोकळेपणावर आहे. तिथे रांगेने झाडं लावली की गवत सावलीत मरतं आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा होते. झाड देशी आहे म्हणून ते कुठेही चालतं असं नाही.

माळावर हिवर असतो, पण कसा? एकटा, दूर दूर. एकरात एखादा. बाभूळ ओढ्याकाठी, तळ्याच्या गाळात, काळ्या रानाच्या बांधावर. ताई, तुमच्या सव्वा एकरात बेचाळीस झाडं कशी लावली आहेत?

हिवरसावली | ११ जून, दुपारी १२:३०

तुम्ही विचारलंत ते बरं झालं. बाभळी सगळ्या ओढ्याच्या कडेने आणि बांधावर आहेत, सव्वीस. खैर आठ, ओढ्याच्या वरच्या उतारावर दगडात. हिवर आठ, ते मुरमावर, आणि ते मी दहा-दहा फुटांवर लावलेत. मधली जागा रिकामी दिसते म्हणून या वर्षी अजून वीस खड्डे घ्यायचे ठरवले होते. गेल्या पावसाळ्यात त्याच मुरमावर कुसळी गवत आलं होतं आणि टिटवीने अंडी घातली होती. खड्डे घेत नाही. ती वीस रोपं बांधवाल्यांना देऊन टाकीन.

आठांपैकी दोन-तीन हिवर काढावेत का?

गवताळ | ११ जून, दुपारी १:००

काढू नका. लागले आहेत ते राहू द्या, त्यातले किती टिकायचे ते जमीन ठरवेल. बाकी मुरूम मोकळा ठेवलात हे फार मोठं काम झालं.

पद्मावती_पेठ | ११ जून, रात्री ९:१५

आमचं घर पूर्व भागात, तीन पिढ्या मागावर. घरात तेलुगू बोलतो. आजीला हा धागा वाचून दाखवला. ती बाभळीला नल्ल तुम्म म्हणते आणि हिवराला तेल्ल तुम्म, काळी आणि पांढरी. शेजारचे कन्नड बोलणारे काका म्हणाले, आमच्यातही तसंच आहे, करी जाली आणि बिळी जाली. खोडाच्या रंगावरून. दोन भाषांना एकाच गावात एकच गोष्ट दिसली!

आमच्याकडे जमीन नाही, फक्त पत्र्याची गच्ची आहे. नुसती रोपं करून इतरांना देता येतील का? आणि पत्र्यावर मे महिन्यात इतकं तापतं की रोपं टिकतील का ही शंका आहे.

हिवरसावली | ११ जून, रात्री १०:००

टिकतात. पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये केलीत तर रोपाला उन्हाळ्याचा मार बसतो, मी आता मेच्या शेवटी पेरते. पाइप थेट पत्र्यावर ठेवू नका, खाली विटा आणि ओलं पोतं टाका. पाइपचा बाहेरचा भाग चुन्याने पांढरा करा, मुळं भाजत नाहीत. सावलीत मात्र ठेवू नका. बाभळीला सावली अजिबात सोसत नाही, रोप लांबुळकं आणि मऊ होतं. ग्रीन नेट लावलीच तर पहिले दोन आठवडे, मग काढायची.

माती: दोन भाग पोयटा, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग जुनं शेणखत. नुसती काळी माती घेऊ नका, तडकते आणि मुळं तोडते. आणि त्यात ओंजळभर माती मोठ्या बाभळीखालची टाका. तिच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू त्या मातीत असतात, हवेतलं नत्र तेच झाडाला देतात. मी एका रोपाची गाठ नखाने फोडून पाहिली, आतून गुलाबी होती. गुलाबी म्हणजे काम चालू. म्हणून युरिया घालायचा नाही. आयतं नत्र मिळालं की रोप गाठी करतच नाही.

नुसती रोपं केलीत तरी आम्हाला हवीच आहेत.

सुगरण | १३ जून, सकाळी ७:३०

वाचनखूण साठवली. नेलकटरने बारा बिया केल्या आहेत, आज फुगल्या!

वाकस_तासणी | १४ जून, रात्री ८:४५

आमचं घराणं सुताराचं, मोहोळ तालुक्यातलं. वडिलांनी आयुष्यभर बैलगाड्या आणि औतं केली. बाभळीशिवाय त्यांनी चाकाला हात लावला नाही. तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, पाटे बाभळीचे, मग वरून तापवलेली लोखंडी धाव. नांगर, कुळव, पाभर, सगळं तेच लाकूड. तोडलेला ओंडका ते विहिरीत नाहीतर ओढ्याच्या डोहात महिनोन्महिने बुडवून ठेवायचे, म्हणजे किडत नाही आणि नंतर तडकत नाही.

वडील झाड बघायला जायचे तेव्हा मी बरोबर असायचो. पाटाच्या कडेला, भरपूर पाण्यावर झरझर वाढलेली बाभूळ ते घ्यायचे नाहीत. म्हणायचे, हिचं लाकूड पोसलंय, पिकलेलं नाही. बांधावरची, दुष्काळ काढलेली बाभूळ त्यांना हवी असायची. आतला नार गर्द तांबूस, जवळजवळ काळा. ताई तुमचा हिवर कमरेएवढा आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मुरमावरचा हिवर पहिली सहा-सात वर्षं असाच बसून राहतो आणि मग एका चांगल्या पावसाळ्यात उठतो. त्याला ठिबक लावू नका एवढंच माझं सांगणं.

आता गाड्या नाहीत. वडील गेले, त्यांचा वाकस, लाकूड तासायचं हत्यार, माझ्याकडे आहे. तुमच्या बांधावरच्या बाभळीचं एक रोप मला द्याल का? आमच्या अंगणात नव्हे, त्यांनी शेवटचं झाड ज्या बांधावरून आणलं होतं तिथे लावायचं आहे. मालकाला विचारून ठेवलं आहे.

हिवरसावली | १४ जून, रात्री ९:२०

दोन देईन. एक गेलं तर दुसरं असावं. आणि हिवराचं ठिबक उद्याच काढते, मी मागच्या वर्षी घाईने लावलं होतं.

रूपाभवानी_रोड | २ जुलै, सायंकाळी ६:१०

मन खूप खट्टू झालं आहे म्हणून इथे लिहिते. आमच्या कॉलनीच्या बाहेर नाल्याकडेला मी सात बाभळी लावल्या होत्या, तीन वर्षांच्या, माझ्या डोक्याच्या वर गेलेल्या. परवा नालेसफाईच्या लोकांनी 'वेडी बाभूळ आहे' म्हणून जेसीबीने सगळ्या काढल्या. मी घरी नव्हते. नाल्याच्या पलीकडची खरी वेडी बाभूळ मात्र तशीच उभी आहे.

वनस्पतीवही | २ जुलै, रात्री ८:३०

फार वाईट झालं. पुढच्या वेळी दाखवता यावं म्हणून फरक लिहून ठेवतो. वेडी बाभूळ अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आणलेली. वंशही वेगळा, प्रोसोपिसचा. तिला गोल गेंद कधीच येत नाहीत, बोटाएवढे लोंबते हिरवट-पिवळे तुरे येतात. शेंग तिची फिकट पिवळी, गरदार, जवळजवळ सरळ. बाभळीची शेंग करडी आणि मणी ओवल्यासारखी, दर दोन बियांमध्ये चिमटलेली. फूल-शेंग नसेल तर पान बघा. बाभळीच्या एका पानाला पिसांच्या बऱ्याच जोड्या असतात, वेड्या बाभळीला बहुधा एक किंवा दोन. शिवाय तिच्या फांद्या नागमोडी आणि बुडापासून झुडपासारख्या पसरतात.

बोरामणीचा_पोरगा | २ जुलै, रात्री ९:००

ताई, बुंधा जमिनीत राहिलाय का बघा. मुळासकट उपटलं नसंल तर फुटवा येतो कधी कधी. आणि नवीन लावताना प्रत्येक रोपाला दगडाचं आळं करून दगडाला चुना लावा. चुना लावलेलं झाड कुणीतरी लावलेलं हाय हे गाडीवाल्याला लांबनं कळतं.

रूपाभवानी_रोड | ५ जुलै, सकाळी ७:००

पाहून आले. सातपैकी दोन ठिकाणी बुंधा आहे. चुना लावला.

सुगरण | ६ जुलै, रात्री ९:४०

बारापैकी नऊ आल्या! पहिलं पान खरंच एकेरी पिसाचं आहे. लावायची कधी? पाऊस तर सुरू झाला.

हिवरसावली | ७ जुलै, सकाळी ६:३०

अभिनंदन! पण थांबा. पुस्तकात जून-जुलै असतो, तो कोकण-मावळाचा हिशोब. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जूनच्या दोन सरींनंतर जुलै-ऑगस्टमध्ये मोठा खंड पडतो. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. मी ऑगस्ट अखेरीला लावते, गौरी-गणपतीच्या तोंडावर. मूळ खाली उतरायला सप्टेंबरभर ओल मिळते. खड्डा मात्र आत्ता घेऊन ठेवा. पहिल्या वर्षी रोपाभोवती हातभर जागा गवतमुक्त ठेवा. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, पण भरपूर पाणी. रोज तांब्याभर घातलं की मूळ वरच घुटमळतं.

रूपाभवानी_रोड | ११ ऑगस्ट, सायंकाळी ५:५०

एका बुंध्याला तीन फुटवे आले आहेत. सरळ असलेला एक ठेवून बाकीचे काढले. दुसरा बुंधा गेला.

हिवरसावली | १९ ऑक्टोबर, रात्री ८:१५

बरेच दिवस लिहायचं राहिलं होतं. शेळीच्या वाड्यातल्या आणि गरम पाण्यातल्या, दोन्ही बिया १६ जूनला पेरल्या होत्या, प्रत्येकी वीस. वाड्यातल्या चौदा आल्या, गरम पाण्याच्या तेरा. फरक म्हणावा असा नाही, पण वाड्यातल्या चार दिवस आधी वर आल्या.

पद्मावती पेठेतून अठरा रोपं आली, आजीने प्रत्येक पाइपवर तेलुगूत नाव लिहून दिलं होतं. त्यातली दोन मोहोळला गेली, वडिलांच्या बांधावर लागली. वाकस_तासणी यांनी फोटो पाठवला आहे, भोवती बोरीची फेसाटी, आतलं रोप दिसतसुद्धा नाही.

मुरमाच्या मोकळ्या पट्ट्यात या वर्षी गुडघाभर गवत आहे. हिवर ठिबकाशिवाय तसेच कमरेएवढे उभे आहेत, त्यातला एक बोटभर वर सरकला असेल.

आणि आज सकाळी ओढ्याकडेच्या २०२० च्या एका बाभळीवर, खालून तिसऱ्या फांदीला, पहिल्यांदा पिवळे गेंद दिसले. अकरा मोजले. हिचं बी हिप्परग्याच्या तळ्याकाठच्या झाडाचं, वहीत तसं लिहिलेलं आहे. भाच्याला फोटो पाठवला. त्याने लगेच त्याच्या वॅटलच्या वाळलेल्या शेंगांचा पाठवला.

सुगरण | १९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

ताई, मे महिन्यात हिच्या शेंगा पाडाल तेव्हा दहा बिया माझ्यासाठी ठेवा.

हिवरसावली | १९ ऑक्टोबर, रात्री ८:५०

ठेवते. वहीत तुमचं नाव लिहिलं.